आटपाडीचं स्वतंत्रपूर

'दो आँखें बारह हाथ' मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून. शांतारामबापूंचा हा चित्रपट १९५७ सालचा, पण आमच्या गावापर्यंत पोचायला त्याला दोन-तीन वर्षं लागली. एक जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती करून घेतो, ही गोष्ट तेव्हा निव्वळ कल्पनेतली वाटली. पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा कळलं की तिचं मूळ आपल्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ आहे. कथा लिहिणारे गदिमाही त्याच माणदेशातले.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटलं की आपल्याला सूर्यनमस्कार आणि तिथलं चित्रसंग्रहालय आठवतं. पण याच राजाने १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली घटना लागू करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. या कामात त्यांच्यासोबत होते मॉरिस फ्रीडमन. हे मूळचे पोलंडचे इंजिनिअर, इथे येऊन भारतानंद झालेले. त्याच वर्षी फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हे नाव!

इथे कोठडी नाही, बेड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाने इथे जमीन कसायची आणि बायकामुलांसह राहायचं. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण वसाहत मोडली नाही. पुढे ती सरकारच्या तुरुंग खात्याकडे आली.

मला यातली खरी हुशारी फार उशिरा समजली. तुरुंगात माणसाचे सगळे निर्णय दुसरे घेतात. कधी उठायचं, काय खायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं ठरलेलं. दहा वर्षांनी असा माणूस दाराबाहेर पडतो तेव्हा त्याची ठरवायची सवयच गेलेली असते. शेतात तसं चालत नाही. त्यातून माणदेशातला पाऊस, आज येतो उद्या येतो म्हणत हुलकावणी देणारा. पेरणी आज करायची की थांबायचं, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. पोराला ताप आला तर बापालाच धावावं लागतं. सुटकेचा दिवस उजाडण्याआधीच माणूस पुन्हा संसारी झालेला असतो.

चित्रपटात कैद्यांवर पहारा असतो तो जेलरच्या दोन डोळ्यांचा. स्वतंत्रपुरात तो पहारा घरातली चूल करत असावी, असं मला वाटतं. पळून जायचं तर आपलंच घर सोडून पळायचं! मात्र शिक्षा नसताना तिथे येऊन राहिलेल्या त्या बायकांबद्दल मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. आणि ही संधी चांगली वर्तणूक पाहून निवडलेल्या थोड्यांनाच मिळते, हेही खरं.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगत असे. त्या वर्गातलाच एक मुलगा पुढे बांधावरच्या मारामारीत सापडला. एक जीव गेला, याला शिक्षा झाली. सुटल्यावर तो एका संध्याकाळी माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. "सर, ओळखलंत का?" ओळखलं होतं. पण मी कडी काढली नाही. आतूनच विचारलं, "काय काम काढलंस?"

"काही नाही सर, सहज आलो होतो," म्हणाला आणि गेला. महिन्याभरात गावही सोडून गेला.

त्याने त्याची तयारी केली असेल, नसेल, मला माहीत नाही. माझी नव्हती, एवढं नक्की. फ्रीडमन आणि पंतप्रतिनिधींवर तासन् तास बोलणाऱ्या मास्तरला स्वतःच्या फाटकाची कडी काढता आली नाही.

गेल्या दिवाळीत त्याच्या भावाकडून फोन नंबर घेऊन ठेवला आहे. अजून लावलेला नाही. हे लिहून झालं की लावणार आहे.