केरो (इलिनॉय) : एका अमेरिकी काउंटी-मुख्यालयाचा इतिहास आणि लोकसंख्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटक राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग म्हणजे काउंटी. आणि न्यायालय, शेरीफचे कार्यालय व जमिनीचे दस्तऐवज ज्या गावी असतात ते काउंटीचे मुख्यालय. इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकास, ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या संगमावर वसलेले केरो हे अलेक्झांडर काउंटीचे असे मुख्यालय आहे. नाव इजिप्तच्या राजधानीचे असले तरी स्थानिक उच्चार 'केरो' असाच होतो. जनगणनेनुसार १९२० साली येथे १५,२०३ लोक राहत होते. २०२० साली ती संख्या १,७३३ इतकी उरली. या घसरणीचे कारण सामान्यतः वाहतुकीच्या बदललेल्या मार्गांत शोधले जाते. ते कारण खरे असले तरी पुरेसे नाही, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

अलेक्झांडर काउंटी १८१९ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय प्रथम अमेरिका, नंतर युनिटी व थीब्ज या गावांतून फिरत १८६० साली केरो येथे स्थिरावले. तोपर्यंत संगमावर शहर वसविण्याचे प्रयत्न पुरामुळे व सट्टेबाजीमुळे फसले होते. १८४२ साली चार्ल्स डिकन्स येथून गेला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात या दलदलीच्या जागेची निर्भत्सना केली. पुढे तटबंध उभे राहिले, इलिनॉय सेंट्रल रेल्वे आली, आणि यादवी युद्धात १८६१ साली जनरल ग्रँटने येथे आपला तळ ठोकला. दक्षिणेतून मुक्त झालेले हजारो कृष्णवर्णीय याच काळात येथील छावणीत आले. त्यांपैकी काही कुटुंबे कायमची राहिली, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. १८६० मधील २,१८८ ही लोकसंख्या १८७० मध्ये ६,२६७ झाली.

ओहायोवरील रेल्वेपूल १८८९ साली व थीब्जजवळचा मिसिसिपीवरील पूल १९०५ साली खुला झाला. त्यामुळे गाड्या नावांवर चढवून पैलतीरी नेण्याचा व्यवसाय मावळला. तथापि लोकसंख्या मात्र १९२० पर्यंत वाढतच राहिली, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ज्या पुलांनी गाव मारले असे म्हटले जाते, त्यांच्यानंतरही ते तीन दशके वाढत होते.

शहराच्या दुसऱ्या इतिहासाची नोंद ११ नोव्हेंबर १९०९ या दिवशी सापडते. विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय कैद्यास प्रचंड जमावाने शेरीफच्या ताब्यातून हिसकावून भर रस्त्यात ठार केले. त्याच रात्री एका गोऱ्या कैद्याचीही हत्या झाली. राज्याच्या १९०५ च्या कायद्यानुसार शेरीफचे पद गेले. त्याला पुन्हा पदावर घेऊ नये म्हणून आयडा बी. वेल्स यांनी राज्यपालांपुढे बाजू मांडली व त्या यशस्वी झाल्या. मुख्यालयाचा जो अधिकारी कायद्याचे रक्षण करण्यासाठी नेमलेला, त्याच्याच हातून कैदी जावा, हे या प्रकरणाचे मर्म होय.

१९६० च्या दशकात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. १९६२ साली विद्यार्थी आंदोलकांनी पोहण्याच्या तलावाबाहेर सत्याग्रह केला. कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याऐवजी तलावच पुढे बंद करण्यात आला. जुलै १९६७ मध्ये एका १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या असल्याचे सांगितले, कृष्णवर्णीय वस्तीने ते मानले नाही, आणि दंगली उसळल्या. १९६९ पासून 'युनायटेड फ्रंट' या संघटनेने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती : जे गिऱ्हाईक आहेत त्यांना नोकरीही मिळावी. अनेक दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा दुकान बंद करणे पसंत केले. आर्थिक हिताचा सिद्धान्त मानणाऱ्या अभ्यासकांनी या निवडीवर थोडे थांबावे असे वाटते. १९६० ते १९७० या दशकात लोकसंख्या ९,३४८ वरून ६,२७७ वर आली. संख्येच्या दृष्टीने ही कोणत्याही दशकातील सर्वांत मोठी घट होय. योगायोग असा की १८७० चा आकडा आणि १९७० चा आकडा यांत केवळ दहा माणसांचे अंतर आहे.

अर्थात १९२० नंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, गळती सुरू झालेलीच होती आणि तिचा संबंध नदी-रेल्वे व्यापाराच्या ऱ्हासाशी जोडणे योग्यच ठरेल. १९७८ साली आंतरराज्य महामार्गाचा नवा पूल शहराला वळसा घालून गेला. परंतु व्यापार ओसरल्यावर जी गावे तगली, ती उरलेल्या लोकांना एकत्र ठेवूनच तगली. केरोने मात्र आपल्याच लोकसंख्येच्या मोठ्या भागास रोजगारातून व सार्वजनिक जागांतून वगळले.

अलीकडचा टप्पा घरांचा आहे. सार्वजनिक गृहप्रकल्पांची अवस्था इतकी खालावली की केंद्रीय गृहनिर्माण विभागाने २०१६ साली स्थानिक गृहप्राधिकरणाचा कारभार हाती घेतला, आणि २०१७ साली दोन मोठ्या वसाहती रिकाम्या करण्याचे ठरविले. सुमारे ४०० रहिवाशांना गावात पर्यायी घरे अपुरी पडल्याने अनेकांनी गाव सोडले. २०१० मधील २,८३१ वरून २०२० मधील १,७३३ ही घट जवळजवळ ३९ टक्के भरते. याच दशकात अलेक्झांडर काउंटीची लोकसंख्या ८,२३८ वरून ५,२४० वर आली. देशातील कोणत्याही काउंटीत टक्केवारीने याहून मोठी घट झाली नाही. १९३७ आणि २०११ या दोन्ही महापुरांत पलीकडच्या मिसूरी राज्यातील तटबंध सुरुंगाने फोडून पाणी शेतांत सोडण्यात आले, आणि केरो वाचले. नदीपासून ज्याचे रक्षण एवढ्या खर्चाने केले गेले, त्या गावात काउंटीचे न्यायालय अजूनही भरते.