शालेय आहार कायदा, ब्राझील
ब्राझीलचा 2009 मधील 11,947 क्रमांकाचा कायदा. शाळेतील जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीवर खर्च करणे त्याने बंधनकारक केले. कुटुंबशेतकरी कोण, हे 2006 च्या कायद्याने आधीच ठरवले होते : जमीन मर्यादित, राबणारे हात मुख्यतः घरचे. खरी मेख निविदेत होती. मोठ्या पुरवठादारापुढे लहान शेतकरी तिथे टिकत नाही. म्हणून निविदेविना, बाजारभावाशी सुसंगत दराने खरेदीची मुभा दिली गेली. आदिवासी आणि किलोंबोला (पळालेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या) वस्त्यांना प्राधान्य मिळाले. 2014 मध्ये ब्राझील संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून बाहेर पडला. मात्र त्यात 2003 पासूनच्या ‘शून्य भूक’ धोरणाचा आणि किमान वेतनवाढीचा वाटाही मोठा होता.