ठासून भरलेला इतिहास

मराठी माणूस बंदूक फारशी चालवत नाही, पण बोलतो मात्र तिच्याच भाषेत. तो आपले म्हणणे ठासून सांगतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, मुलीच्या लग्नाचा बार उडवतो आणि शेजाऱ्याचा बार फुसका निघाला की समाधानाने चहा पितो. ही भाषा खरी शोभते ती ठासणीच्या बंदुकीला.

अशी बंदूक शिकारीसाठी तयार करणे म्हणजे सत्यनारायणाची तयारी. सामान किती आणि क्रम चुकवायचा नाही! अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातले जर्मन कारागीर लांब नळीच्या रायफली बनवीत. तिथल्या शिकाऱ्याचेच उदाहरण घ्या. पहिले काम, बंदूक आधीच भरलेली नाही ना, हे पाहणे. गज नळीत सोडायचा आणि बाहेर किती उरतो ते बघायचे. बारावर बार ठासला गेला तर शिकार नेमकी कोणाची होईल, ते सांगता येत नाही. मग नळीतले तेल पुसायचे, कारण दारू कोरडी हवी. (आपल्या भाषेने बंदुकीतल्या आणि बाटलीतल्या पदार्थाला एकच नाव ठेवले आहे. नेम दोन्हींमुळे चुकतो.) ही दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. ती मापाने ओतायची, अंदाजपंचे नव्हे. त्यावर चरबी लावलेल्या फडक्याच्या तुकड्यात शिशाची गोळी. फडके नळीच्या आतल्या पेचदार खाचांना घट्ट धरते आणि सुटताना गोळीला गिरकी देते. गोळी दारूवर पक्की टेकेपर्यंत गजाने ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर नळीच फाटायची. शेवटी कानाशेजारच्या खोबणीत चिमूटभर रंजक. रंजक म्हणजे पेटवण्याची बारीक दारू. ती नुसतीच भडकून विझली, तर प्रसंग फक्त हरणाला रंजक वाटतो.

एवढे झाले की चाप ओढायचा. घोडा पडतो, गारगोटीची ठिणगी उडते, रंजक भडकते, आग कानातून आत शिरते आणि मग बार होतो. ह्या ‘आणि मग’मध्ये निमिषमात्र वेळ जातो. आपल्याला तो कळतही नाही. बदकाला कळतो.

स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्साइथ ह्यांचे दुखणे नेमके हेच होते. रविवारी देवाचे काम, सवड मिळाली की पाखरांचे. पण रंजकीची चमक दिसली की पाखरे सावध होत आणि पाद्रीबुवा हात हलवीत परत. दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावला असता. ह्यांनी रसायनशास्त्र हाती घेतले. नुसत्या ठोक्याने पेटणारे स्फोटक वापरून त्यांनी चमक आणि तो निमिष दोन्ही काढून टाकले. 1806 साली लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोग केले, 1807 साली पेटंट घेतले. त्यांची पहिली कळ दिसायला थेट अत्तराच्या कुपीसारखी! पुढे तिच्या जागी तांब्याची टोपी आली, आणि 1840च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने चकमकीला रजा दिली.

इथे हसू थोडे आवरावे लागते. बदकांसाठी काढलेली युक्ती माणसांवर रुजू झाली. आता पावसातही बार चुकेना. ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसांवरून आपल्याकडे 1857 साली भडका उडाला, ती ठासणीचीच होती, आणि टोपीचीही. फोर्साइथसाहेबांचा हा हेतू असेल असे वाटत नाही. पण हत्यार एकदा सुधारले की कोणावर रोखायचे, हे पहिल्या मालकाला कोण विचारतो?

गंमत म्हणजे 1974 साली पेनसिल्व्हेनियाने हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम सुरू केला. त्यात बंदूक न्यायची ती चकमकीचीच. पाद्रीबुवांनी मोठ्या कष्टाने घालवलेला तो निमिष सरकारी नियमाने हरणाला परत मिळाला.

आणि शिकाऱ्याला? एकच बार. हुकला तर पुन्हा माप, फडके, गोळी, गज, रंजक; तोवर हरीण पुढच्या तालुक्यात. घरी आल्यावर बंदुकीला गरम पाण्याने आंघोळ, कारण ह्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून काजळी आणि क्षारच होतो, आणि तो ओल ओढून नळी गंजवतो. रात्री हा गृहस्थ अंगणात नळी घासत बसतो, तेव्हा हरीण कुठेतरी स्वस्थ रवंथ करीत असते.