‘नको’ आणि ‘नक्को’ : हैदराबादच्या बोलीतील एक जुनी देवघेव

हैदराबादची मराठी ऐकून पुण्याकडील पाहुण्यांनी गालातल्या गालात हसावे, हा प्रघात जुना आहे. वाक्य मराठी, पण मधूनच त्यात ‘मकान’ यावे, ‘दरखास्त’ यावी. वस्तुतः हे फळ राज्यव्यवस्थेचे होते. निजामी राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले, जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास ‘अव्वल तालुकदार’ म्हणत आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळे. तेव्हा येथील मराठी गृहस्थाच्या तोंडी हे शब्द रुळले यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्या बाजूचे.

चारमिनारच्या परिसरात चहा पुढे केला असता ज्याला तो घ्यावयाचा नसतो तो ‘नक्को’ म्हणतो. घाई करणाऱ्यास ‘हल्लू’ चालावयास सांगितले जाते. ‘कलइच आया’, ‘मेराइच है’ यांतील ‘इच’ म्हणजे आपलाच ‘च’. वस्तूंची नावे एका भाषेतून दुसरीत सहज जातात. नकार आणि निश्चय दाखविणारे शब्द मात्र दीर्घ सहवासावाचून उचलले जात नाहीत. हा सहवास हैदराबाद शहराहूनही जुना आहे. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले, पुढे गुलबर्गा आणि बीदर येथे त्याच्या राजधान्या झाल्या, आणि उत्तरेतून आलेली बोली मराठी, कानडी व तेलुगू शेजारात दक्खिनी बनली. १५९१ साली हैदराबाद वसले तेव्हा ‘नको’ तिच्या पदरात पडलेला होता. जुन्या दक्खिनी ग्रंथांतही हा ‘नको’ आणि हा ‘च’ भेटतात.

देवघेव केवळ बाजारातली नव्हती. एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला तो दोन्ही बोलींची खेळकर टक्कर घडवीत. पुढे शाह तुराब या सूफी कवीने रामदासांच्या मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर दक्खिनीत ‘मन समझावन’ लिहिले. दुसरीकडे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्या कोशामागील निकड राज्यकर्त्याची होती. ती मान्य करूनही असे म्हणावे लागते की घरची बोली कोशाच्या आज्ञेत राहत नाही.

थट्टेतही हे साम्य दिसते. हैदराबादी माणसाचा ‘परसों’ दोन दिवसांपूर्वीचा असेल किंवा दोन वर्षांपूर्वीचा, यावर शहरात विनोद होतात. पण मराठी माणसाचा ‘परवा’ तरी कुठे पंचांगाला बांधलेला असतो? ‘अगदी परवापरवापर्यंत’ म्हणताना आपणही वर्षे गिळतोच.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी लोक तेलुगू राज्याच्या राजधानीत उरले. शहरातील मराठी वाचक विरळ होत गेला. ‘द अंग्रेज’ चित्रपटानंतर मात्र हैदराबादी बोलीची चलती झाली आणि गल्लीतली ही भाषा दूरदूरच्या तरुणांनी हौसेने उचलली. त्यांतील बहुतेकांस ‘नक्को’चे माहेर ठाऊक नसते. काचीगुड्यातल्या मराठी घरातील मुलगा आजीला ‘नको’ म्हणतो, जिना उतरून मित्रांत गेला की ‘नक्को’ म्हणतो, आणि एका ‘क’च्या द्वित्तापलीकडे आपण भाषा बदलली आहे असे त्याला वाटतही नाही.