बैकल सरोवर आणि एक हद्दपार संशोधक

सैबेरियाच्या दक्षिण भागांत, डोंगरांच्या ओळींमध्यें, बैकल सरोवर पसरलेलें आहे. त्याची लांबी ६३६ किलोमीटर व कमाल खोली १,६४२ मीटर. इतकें खोल सरोवर पृथ्वीवर दुसरें नाहीं. भूपृष्ठावर जें न गोठलेलें गोडें पाणी आहे, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या बैकलमध्यें सांठलेला आहे. तीनशेंहून अधिक नद्या त्याला येऊन मिळतात. बाहेर मात्र एकटी अंगाराच पडते. सामान्य सरोवरें कांहीं हजार वर्षांत गाळानें भरून जातात. बैकलखालचें भूकवच फांकत असल्यामुळें त्याचा तळ खचत राहिला, आणि म्हणून तें सुमारें अडीच कोटी वर्षें टिकून आहे.

१६४३ सालीं कुर्बात इवानोव्ह हा कोसॅक या किनाऱ्यावर पोहोंचला. पुढें दोन शतकें लोटलीं, तरी या थंड पाण्यांत जीवसृष्टि तुटपुंजीच असावी, असा विद्वानांचा समज होता. तो खोटा ठरविला एका बंदिवानानें.

बेनेडिक्ट डिबोव्स्की हा वॉर्सा येथील प्राणिशास्त्राचा अध्यापक. १८६३ सालीं पोलिश लोकांनीं झाराविरुद्ध उठाव केला. त्यांत भाग घेतल्याबद्दल त्याला सैबेरियांत हद्दपार करण्यांत आलें. १८६८ सालीं तो बैकलच्या दक्षिण टोकाशीं असलेल्या कुल्तुक गांवीं येऊन राहिला. हिवाळ्यांत सरोवर गोठतें. नौका थांबते, पण पायाखालीं भक्कम भूमि मिळते. डिबोव्स्की व त्याचा सोबती गोद्लेव्स्की यांनीं त्या बर्फाला भोकें पाडून खोलवर दोर सोडले व तेथील प्राणी वर काढले. १८७४ सालीं डिबोव्स्कीनें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कोळंबीच्या दूरच्या नात्यांतील लहान कवचधारी प्राण्यांच्याच शंभराहून अधिक जाति वर्णिलेल्या होत्या.

पुढील संशोधनानें त्यांत भर पडली. बैकलच्या तळापर्यंत प्राणवायु पोहोंचतो, म्हणून अंधाऱ्या खोलींतही जीव नांदतात. गोलोम्यान्का हा तेलकट, अर्धपारदर्शक मासा अंडीं न घालतां पिलांना जन्म देतो. समुद्रापासून शेंकडों कोस दूर असूनही येथें नेर्पा नांवाचा सील राहतो. केवळ गोड्या पाण्यांत राहणारी सीलची हीच एक जात. आणि एपिशुरा हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव पाणी गाळीत असतो. सरोवराच्या प्रसिद्ध नितळपणाचें बरेंचसें श्रेय त्याचें आहे. यांतील बहुतेक जीव जगांत अन्यत्र कोठेंही नाहींत; येथें ते संपले, तर कायमचेच संपले.

तरीही १९६६ सालीं त्याच दक्षिण किनाऱ्यावर, बैकल्स्क येथें, कागदाचा लगदा करणारा कारखाना सुरू झाला व त्याचें सांडपाणी सरोवरांत जाऊं लागलें. शास्त्रज्ञांनीं व लेखकांनीं विरोध केला. १९९६ सालीं बैकल जागतिक वारसा ठरलें. कारखाना बंद पडावयास मात्र २०१३ साल उजाडावें लागलें, आणि मागें राहिलेल्या गाळाचा प्रश्न त्याच्याबरोबर संपला नाहीं. शिक्षा म्हणून पाठविलेल्या माणसानें बैकलची थोरवी ओळखली. मोकळ्या माणसांना ती ओळखावयास फार उशीर लागला.