उतारावरच्या सायकलीची जुळणी

डोंगरमाथ्यावरून खडकाळ वाटेने केवळ वेगाने खाली येण्यासाठी घडवलेली, आज डाउनहिल सायकल या नावाने ओळखली जाणारी सायकल कोणत्याही एका कारखान्याच्या आराखड्यातून निर्माण झालेली नाही. ती आधी सुट्या भागांच्या जुळणीतून उभी राहिली आणि कारखानदारांनी तिची दखल बऱ्याच उशिरा घेतली. तिच्या वाटचालीकडे सामान्यतः वाढत्या वेगाची कथा म्हणून पाहिले जाते; परंतु तिचा कोणता भाग केव्हा व का बदलला हे तपासत गेल्यास वेग मिळवण्यापेक्षा तो जिरवण्याचा, म्हणजे उंचीवरून खाली येताना मोकळी होणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कोठेतरी खर्ची घालण्याचा प्रश्नच बहुतेक बदलांच्या मुळाशी आढळतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे असलेल्या मॅरिन काउंटीत माउंट टॅमलपायस आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांवर वणवे विझवणाऱ्या पथकांसाठी काढलेले कच्चे रस्ते आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी लार्कस्पर, फेअरफॅक्स या गावांतील तरुण या रस्त्यांवरून जुन्या, जवळजवळ मोडीत निघालेल्या सायकली खाली आणू लागले. त्यांच्यापैकी गॅरी फिशर, चार्ली केली आणि जो ब्रीझ हे एरवी डांबरी रस्त्यांवरच्या शर्यतींत हलक्या, अरुंद टायरांच्या सायकली चालवणारे होते, त्यामुळे जुन्या सायकलीकडे वळण्यामागे अज्ञान नव्हे तर निवड होती. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीचे, कमी हवेवर चालणारे टायर अमेरिकन बाजारात आणले होते आणि त्या काळातील ‘एक्सेल्सियर’ नावाच्या सायकलीची फ्रेम उतारासाठी विशेष सोयीची ठरली, कारण तिच्या दोन चाकांमधील अंतर मोठे होते व चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारी दुहेरी दांडी, अधिक तिरपा असल्याने वेगात हँडल स्थिर राहत असे. मडगार्ड, चेनकव्हर आणि मोटारसायकलीचा आव आणणारी खोटी पेट्रोलची टाकी काढून टाकली, की या सायकलीची पहिली ‘जुळणी’ पूर्ण होत असे; म्हणजे ती भर घालण्याची नव्हे, तर उतरवण्याची क्रिया होती.

अडचण ब्रेकची होती. या सायकलींना उलटे पायडल मारून लावायचा ब्रेक असे, ज्यात मागच्या हबच्या आतील धातूचा भाग फाकून हबच्या भिंतीवर घासतो. त्यांतील मॉरो या जातीचा हब उतारावर सर्वाधिक टिकतो असा त्या मंडळींचा अनुभव होता, तरीही फेअरफॅक्सजवळच्या एका रस्त्यावर, जो सुमारे साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटर खाली उतरतो, एकाच फेरीत हबमधील ग्रीस जळून त्याचा धूर निघे आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. नव्याने भरणे या अर्थाचे ‘रिपॅक’ हे नाव त्या रस्त्याला यावरूनच पडले. स्वार व सायकल मिळून १०० किलो वजन धरले, तर एवढ्या उतारावर मोकळी होणारी ऊर्जा चहाच्या पातेल्यातील लिटरभर पाण्याला सहज उकळी आणील इतकी भरते. तिचा मोठा वाटा हवा आणि टायर घेत असले, तरी उरलेला सगळा वाटा मुठीत मावणाऱ्या त्या हबला सोसावा लागत असे.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी केली याने रिपॅकवर पहिली नियमबद्ध शर्यत घेतली आणि ॲलन बाँड्स ती जिंकला. स्पर्धकांना एकेक करून सोडायचे व प्रत्येकाची वेळ मोजायची, हा तेथील नियम डाउनहिलच्या जागतिक स्पर्धांत आजही पाळला जातो. पुढे फिशरने नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंद ही वेळ तेथील विक्रम ठरली, आणि तिच्यातून निघणारी ताशी ४० किलोमीटरांहून अधिक सरासरी गती मूळ सायकलीच्या निर्मात्यांच्या कल्पनेत नक्कीच नव्हती.

दरम्यान जुळणीचे स्वरूप पालटले होते. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅली येथे झालेल्या सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल व शेतांतून होणाऱ्या शर्यतीच्या वेळी क्युपर्टिनोहून आलेल्या काही तरुणांच्या जाड टायरांच्या सायकलींना गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेली मॅरिनच्या मंडळींनी पाहिली. फिशरनेही आपल्या सायकलीला गिअर, दोन स्वारांच्या सायकलीला लावतात तसले ड्रम ब्रेक आणि मोटारसायकलीच्या ब्रेकचे दांडे बसवले. यामुळे वजन वाढले, पण डोंगर चढण्यासाठी मालमोटारीची गरज कमी झाली आणि ग्रीसचा प्रश्न मिटला. आता फ्रेमच कमकुवत दुवा ठरली, कारण चाळीस वर्षांची जुनी पोलादी नळी या भाराखाली वाकत वा तडकत असे. ब्रीझ याने १९७७ मध्ये क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्यांपासून खास या कामासाठी पहिली फ्रेम बनवली आणि पुढच्या वर्षापर्यंत अशा दहा सायकली पूर्ण केल्या. त्यांपैकी पहिली आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर व केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेमांवर सायकली जुळवून विकण्याचा व्यवसाय काढला, आणि १९८१ मध्ये माइक सिन्यार्ड याच्या स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आणली. तेथून माउंटन बाइक हा मोठा उद्योग झाला. मात्र तो बहुतांशी सर्वसाधारण डोंगरी भटकंतीसाठी सायकली बनवत होता आणि निव्वळ उताराचा स्वार पुन्हा पान्यांपाशीच राहिला.

त्याची पुढची मागणी धक्के पचवण्याची होती. पॉल टर्नर याने स्थापन केलेल्या रॉकशॉक्स कंपनीचा हवा व तेलावर चालणारा चिमटा लावून ग्रेग हर्बोल्ड याने १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिले अधिकृत डाउनहिल जगज्जेतेपद जिंकले. येथे स्प्रिंग आणि डँपर यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते व जवळजवळ तेवढीच परत फेकते. डँपर मात्र अरुंद छिद्रांतून तेल ढकलून तिचा काही भाग उष्णतेत बदलतो, म्हणजे ब्रेकचेच काम चाकाच्या उभ्या हालचालीवर करतो. लांब उतारावर हे तेल तापून पातळ होते आणि चाक उसळू लागते. मॉरो हबमधील ग्रीसचे दुखणे अशा रीतीने डँपरमधील तेलाच्या वाट्याला आले, असे म्हणण्यास हरकत नाही. १९९१ मध्ये रॉबर्ट राइसिंगर याच्या ‘सॅन अँड्रियास’ या ॲल्युमिनियमच्या सायकलीने पुढेमागे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक एकत्र आणले. रिम दाबणाऱ्या ब्रेकमुळे रिम, टायर आणि ट्यूब तापत असत. डिस्कमुळे उष्णता उघड्या हवेतील चकतीकडे गेली आणि वाकड्या झालेल्या रिमनेही ब्रेक निकामी होईनासा झाला.

त्यानंतरच्या दशकात शर्यतीच्या संघांनी जुळणीची कला पुष्कळदा झाकून ठेवली. कॅलिफोर्नियातील इंटेन्स या लहान कारखान्याच्या ‘एम-वन’ फ्रेमा इतर कंपन्यांची नावे चिकटवून जागतिक स्पर्धांत धावत होत्या, ही गोष्ट त्या वर्तुळात सर्वांना ठाऊक होती. जाहिरात पाहून सायकल घेणारा ग्राहक तेवढा तिला अपवाद. होंडाने तर २००४ पासून गिअर पेटीत बंद केलेली सायकल मैदानात उतरवली, ग्रेग मिनारने तिच्यावर २००५ ची विश्वचषक मालिका जिंकली आणि कंपनीने ती कधीही विकली नाही.

आज अशी सायकल स्वतः जुळवणाऱ्याला भाग मिळवण्यापेक्षा मापे जुळवण्याचे कष्ट अधिक पडतात. मागच्या चाकाची २०० मिलिमीटर हालचाल जर शॉकच्या, म्हणजे स्प्रिंग व डँपर एकत्र असलेल्या भागाच्या, ७५ मिलिमीटर दाबातून साधायची असेल, तर चाकावरचा भार शॉकवर सरासरी पावणेतीनपटीच्या जवळ पोचतो, म्हणून स्प्रिंग स्वाराच्या वजनाप्रमाणे निवडावी लागते आणि तो बसल्यावर ती हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी खचावी अशी बेतावी लागते. हबची रुंदी, आसाची जाडी आणि हँडलच्या नळीचा व्यास हे दर काही वर्षांनी बदलत आले आहेत; यांतले काही बदल ताकदीसाठी आवश्यक होते, काहींचा लाभ मात्र विक्रेत्यालाच झाला असे दिसते. चाकांच्या बाबतीत उलट घडले. पुढे २९ इंची व मागे त्याहून लहान चाक लावण्यास शर्यतीच्या नियमांनी २०१९ मध्ये मोकळीक दिली, त्याच वर्षी लोइक ब्रुनी अशाच सायकलीवर मों-सँत-ॲन येथे जगज्जेता झाला आणि कारखाने मोठ्या व लहान चाकांची ही जोडी तयार सायकलींत बसवू लागले.