२.४.१५ : नीट बंद केलेल्या डिस्कची गोष्ट

आजच्या भागात लिनक्सच्या इतिहासातले तीन दिवस : २३ ते २६ नोव्हेंबर २००१.

मी झाशीहून बोलतोय. आमच्या गावात एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्राम, लोकांना माहीत झाला तो विजेच्या कृपेने. उन्हाळ्यात लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, की पुढच्या वेळी मशीन चालू करताना पडद्यावर टक्के चढताना बघत बसायचं. त्यामुळे समज पक्का : डिस्क बिघडते ती अचानक बंद पडल्याने, रीतसर शटडाउन केलं की काळजी नाही.

२.४.१५ या कर्नलने नेमका हाच समज उलटा केला.

त्या काळच्या ईएक्सटी२ डिस्कवर सुपरब्लॉकमध्ये एक खूण असते. डिस्क माउंट केली की खूण निघते, नीट अनमाउंट केली की परत लागते. खूण दिसली की एफएससीके सहसा आत डोकावतही नाही. आता इनोड. इनोड म्हणजे फाइलचा सातबारा समजा : मालक कोण, आकार किती, डिस्कवरचे कोणते ब्लॉक तिच्या नावावर. (फाइलचं नाव मात्र त्यात नसतं, ते डिरेक्टरीत.) या सातबाऱ्याची चालू प्रत मेमरीत असते आणि अधूनमधून डिस्कवर उतरते.

२.४.१५ मध्ये इनोड सोडून देण्याच्या कोडमध्ये बदल झाला होता. परिणाम असा, की अनमाउंट करताना मेमरीत राहिलेले काही बदल डिस्कवर न लिहिताच टाकून दिले जायचे. आणि वर 'सगळं ठीक' ही खूणही लागायची! म्हणजे दप्तर अर्धवट आणि त्यावर शिक्का मात्र पूर्ण. पुढच्या बूटला तपासणी होतच नसे, आणि त्या चुकीच्या नोंदींवर नवं लिखाण चालू. माझ्या मते बगपेक्षा घातक भाग हाच.

हे कर्नल बाहेर पडलं अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून त्याला टोपणनावही टर्कीचंच होतं. २.४ मालिकेतलं लिनस टोरवाल्ड्सच्या हातचं ते शेवटचं. पुढची जबाबदारी ब्राझीलच्या मार्सेलो तोसात्ती या अगदी तरुण मुलाकडे गेली, आणि त्याचं पहिलंच काम म्हणजे हे निस्तरणं. २६ तारखेला २.४.१६ आलं.

ज्यांच्या मशीनवर २.४.१५ चालू होतं त्यांनी काय करायचं? साधं रीबूट केलं तर शेवटचं अनमाउंट त्याच सदोष कर्नलकडून होणार. म्हणून आधी सिंक द्यायचं, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायचं, मग अनमाउंट. नव्या कर्नलवर चढल्यावर एफएससीके सक्तीने चालवायचं, कारण शिक्क्यावर आता विश्वास नाही. जुन्याच कर्नलवर दुरुस्ती करणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं. ज्या फाइलींचं नाव हरवलं त्या लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या इनोडच्या आकड्याने सापडतात. कोणती कुणाची, हे एकेक उघडून बघायचं.

एफएससीके नोंदी एकमेकींशी जुळतात का एवढंच बघतं. बिघाड कुणी केला हे त्याला कळत नाही. २०१८ मध्ये ४.१९ कर्नलवर ईएक्सटी४च्या चुका दिसू लागल्या, तेव्हा संशय साहजिकच ईएक्सटी४वर गेला, कारण आरडाओरडा तीच करत होती. वापरणाऱ्यांनी एकेक बदल मागे जात कर्नल पुन्हापुन्हा बांधून पाहिलं, तेव्हा दोषी निघाला त्याखालचा ब्लॉक थर. काही ठरावीक सेटिंग असलेल्या मशीनवरच तो चुकत होता, म्हणून इतरांना प्रयत्न करूनही दिसत नव्हता. दुरुस्ती डिसेंबरमध्ये ४.१९.८ ला आली. तोवर कित्येकांनी चांगल्या हार्ड डिस्क बदलून टाकल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.